कोबीच्या आत काय असतं?

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि सध्या माझ्या तोंडात लसूण आहे.

खोटं सांगत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला मला तोंड वर करून टांगलेलं आहे. तोंड माझं रुंद. त्यात लसणाचे गड्डे छान मावतात, त्यांना वाराही लागतो. ज्या तोंडाला बोलायचं काम उरलेलं नाही, त्याचा दुसरा काही उपयोग करावा, हे माझ्या मालकीणबाईंना बरोबर कळतं.

पुस्तकात मला कर्णा म्हणतात. तुम्ही भोंगाच म्हणा. कर्णा म्हटलं की मला उगाच आंघोळ घालून, भांग पाडून बसवल्यासारखं वाटतं. आणि एक आधीच सांगून ठेवतो. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की रडतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा हो. मी तसलं काही म्हणणार नाही. मला रडायला येत नाही. मला फक्त ओरडायला शिकवलेलं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तापवलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं आणि आधी माझं तोंड तयार झालं. पोट नंतर बसवलं. डोकं बसवलंच नाही. माणसांतही पुष्कळदा हाच क्रम दिसतो, पण ते असो. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसलेली असायची. ती प्रत्येक भोंगा तोंडाशी धरायची आणि समोरच्या भिंतीला सांगायची, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." भिंतीने काही उत्तर दिलं नाही तरी ती भोंगा चांगला निघाला म्हणून खोक्यात ठेवायची. मला तेव्हाच नवल वाटलं होतं. बोललेलं नीट बाहेर पडलं की काम झालं? ते कुणी ऐकलं की नाही, हे कुणीच का तपासत नाही?

माझे पहिले मालक म्हणजे एका शाळेतले खेळाचे मास्तर. अंगाने शिडशिडीत, पण जीभ जाडजूड. "रांगेत उभे राहा! हात वर! हात खाली! ए शेवटच्या, दात नको दाखवू, हात दाखव!" कितीतरी वर्षं मी एवढंच बोललो. मास्तरांच्या थुंकीने माझी मागची, बोलायच्या बाजूची जाळी गंजली. स्पर्धेच्या दिवशी पाहुणे म्हणाले, "काय आवाज आहे हो!" मास्तरांनी मान लववली. आवाज माझा आणि मान मास्तरांची. मग एकदा मी व्यासपीठावरून खाली पडलो, माझी मूठ तडकली आणि दुसऱ्याच आठवड्यात एक नवा, चकचकीत भोंगा आला. मला अडगळीच्या खोलीत टाकलं. तिथे फाटक्या चटया होत्या आणि हवा गेलेले चेंडू होते. आम्ही सगळे मिळून काहीही बोलत नव्हतो.

तिथून भंगारात गेलो. भंगारातून मला उचललं एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने. त्याचं दुकान म्हणजे एक कपाट आणि त्याच्यापुढे ठेवलेलं स्टूल. त्याने माझ्या मुठीला काळी पट्टी गुंडाळली, पोटात नवे सेल घातले आणि मला एका भाजीवालीच्या हातात दिलं. म्हणाला, "ताई, आता घसा वाचेल तुमचा."

भाजीवाली, म्हणजेच माझ्या मालकीणबाई. त्या हातगाडीवर भाजी विकतात. ओरडून ओरडून त्यांचा घसा फाटका झाला होता, नुसतं "इकडे या" म्हटलं तरी भांडायला बोलावल्यासारखं वाटायचं. दुरुस्तीवाल्याने त्यांना माझी दोन बटणं दाखवली, ती तुम्हीही समजून घ्या, पुढे लागतील. लाल बटण दाबून धरलं की समोरचा जे बोलेल ते मी पोटात साठवतो. एका दमात बोलता येईल एवढंच मावतं. हिरवं बटण दाबलं की साठवलेलं तेच तेच पुन्हा पुन्हा ओरडत राहतो. नवीन भरलं की जुनं पुसलं जातं. माझ्या पोटात एका वेळी एकाचीच सोय आहे.

बाईंनी भरलं, "कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी! ताजी भाजी आली, खाली या!" आणि मी ते ओरडत फिरू लागलो. मास्तरांनी हुकूम दिले, बाईंनी हाका दिल्या. माझ्या तोंडून एकही प्रश्न कधी निघाला नव्हता. भोंग्यातून कुणी काही विचारत नाही, सगळे सांगतातच. तुमच्या लक्षात आलंय का हे?

आणि मग ती साथ आली.

ती तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही तेव्हा कुठेतरी कोंडलेले होतात. बाईंचे यजमान एका सिनेमागृहात दारावर होते. तिकीट फाडायचं, हातातल्या टॉर्चने वाट दाखवायची, खुर्ची दाखवायची. सिनेमागृहाला कुलूप लागलं आणि ते घरी बसले. लोकांना वाटायचं, या माणसाने सगळे सिनेमे फुकटात पाहिले असणार. त्यांनी एकही धड पाहिला नव्हता. पडद्याकडे त्यांची पाठ असायची आणि तोंड प्रेक्षकांकडे. कितीतरी वर्षं त्यांनी अंधारात लोकांची तोंडं पाहिली आणि कुणाशी एक शब्दही बोलले नाहीत, कारण बोललं की लोक "शुक्" करतात.

घरी बसल्यावर हा साठलेला माल बाहेर पडायला लागला. "अगं, शिट्टी वाजायच्या आधी कुकर उसासा का टाकतो?" "अगं, आपण पंखा बंद केला की त्याला कळतं, पण तो फिरत का राहतो? कुणाची वाट बघतो?" बाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, तोंड चालवताय त्यापेक्षा गाडी चालवा." भाजी विकायला परवानगी होती. तोंडाला फडकं बांधून दोघं निघाले. ते ढकलणार, त्या विकणार.

रस्ते असे रिकामे की चाकाचं कुरकुरणं लांबवर ऐकू जायचं. दोन्ही बाजूंना उंच इमारती, सगळ्या खिडक्या बंद. कुणी खाली यायचं नाही. वरून दोरीला बांधलेली पिशवी सोडायचे, बाई भाजी घालायच्या, पिशवी वर जायची. खिडकीतून हात तेवढा दिसायचा. त्या हाताचा चेहरा कसा असेल, याचं मला फार कुतूहल वाटायचं.

घोटाळा झाला तो पहिल्याच आठवड्यात. बाई कोबी रचत होत्या आणि मी यजमानांच्या हातात होतो. हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. अंधारात काम करणाऱ्या माणसाला रंगांची सवय नसते. त्यांनी लाल दाबलं, धरून ठेवलं आणि मी ओरडत का नाही म्हणून वाट बघता बघता बायकोशी बोलत राहिले. मग चूक झाली असं वाटून त्यांनी हिरवं दाबलं आणि अख्ख्या रस्त्यावर मी गरजलो.

"अगं, मी काय म्हणतो, या कोबीच्या आत नक्की असतं काय? पान काढलं की पान, ते काढलं की परत पान. शेवटी आत काहीच नाही! मग एवढं कडेकोट कशाला? कुणापासून लपवतोय तो?"

आणि लगेच बाईंचा आवाज, "तुमच्यापासून! गप बसा आणि गाडी ढकला!"

मग मी पुन्हा गरजलो, कारण माझा स्वभावच तो. आणि तिसऱ्या मजल्यावरून हसू ऐकू आलं. तिथे एक शिवणकाम करणारी बाई राहायची. तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या. त्या तिने आधी घाईघाईने हातात काढल्या आणि मग खिडकीला धरून हसली. तिच्या बाजूची खिडकी उघडली. मग समोरची.

"बंद करा ते! इज्जत गेली!" बाई ओरडल्या.

"कसं करायचं बंद?"

"मला काय विचारता? त्या कोबीला विचारा!"

शेवटी दोघांनाही बटण सापडेना, म्हणून रस्ताभर मी तेच ओरडत गेलो. आणि रस्ताभर पिशव्या खाली आल्या. "काकू, आज एक कोबी द्या. आत काय आहे ते बघते." गाडीवरचे कोबी संपले. बाईंनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, यजमानांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी निघताना मला त्यांच्यासमोर धरून म्हणाल्या, "बोला काय बोलायचं ते. पण भाजीचं नाव आलं पाहिजे."

असा आमचा रोजचा रिवाज सुरू झाला. सकाळी कोपऱ्यावर गाडी थांबायची, यजमान लाल बटण दाबून त्या दिवसाचा विचार सांगायचे आणि बाई बाजूलाच असल्यामुळे त्यांना राहवायचं नाही. त्यांचा फटकाही माझ्या पोटात जायचा.

"टोमॅटो आणला की लोक टोमॅटो धुतात. पिशवी धुतात, दोरी धुतात, हात धुतात. साबणाला सगळ्यांचे हात लागतात. मग साबण कोण धुतं?" त्यावर बाई, "तुमचं डोकं धुवा, साबण आपोआप स्वच्छ होईल."

"तोंडावर फडकं बांधल्यापासून मला माझ्याच तोंडाचा वास कळला. भेंडी घ्या भेंडी! मी विचार करतोय, इतकी वर्षं हिने काढली कशी?" आणि बाई, "आज विचारताय!"

कधी ते भाजी सोडून भलतीकडेच जायचे. घरात बसलेल्या माणसाला आपल्या घरात किती दरवाजे आहेत ते मोजायला सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी खिडक्या-खिडक्यांत भांडणं लागायची की कपाटाचा दरवाजा धरायचा की नाही. एकदा त्यांनी विचारलं, रविवार आहे हे भाजीला कसं कळत नाही, आणि त्यावर एक माणूस चौथ्या मजल्यावरून बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होता. कुणाला काही कळलं नाही, पण तो माणूस इतका बोलका आहे हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहायचे. एकटेच. साहेब कुठल्या खात्यातले ते ठाऊक नाही, पण चिडण्याच्या खात्यातले नक्की. ते एकदा खिडकी उघडून म्हणाले, "ओ बाई, हा काय तमाशा मांडलाय? लोक मरतायत आणि तुम्ही दात काढताय?"

बाईंचं तोंड उतरलं. यजमानांचं नाही उतरलं. ते म्हणाले, "साहेब, मरतायत म्हणूनच. एरवी मी अंधारात गप्पच होतो की!"

साहेबांनी खिडकी आपटली. पण भाजीची पिशवी आधीच खाली सोडलेली होती. ती घेण्यासाठी त्यांना खिडकी परत उघडावी लागली.

मित्रांनो, मला हा साहेबांचा प्रश्न अजून पडतो. दुःखाच्या दिवसांत हसावं की नाही? मोठमोठे लोक मोठ्या भोंग्यांतून तेव्हा रोज काहीतरी सांगत होते. आकडे सांगत होते, नियम सांगत होते, धीर धरा म्हणत होते. धीर धरायला धीर असावा लागतो, तो कुठून आणायचा, हे एकाही शहाण्याने सांगितलं नाही. आणि एक दारावरचा माणूस विचारत होता, कोबीच्या आत काय असतं? त्याने रोग बरा झाला नाही. पण त्याने खिडक्या उघडल्या. खिडकी उघडली की आत कुणीतरी आहे हे रस्त्याला कळतं. मला तरी ही गोष्ट लहान वाटत नाही.

मग एका सकाळी यजमानांचा आवाज जड होता. बाई म्हणाल्या, "आज राहू द्या." ते म्हणाले, "एवढं सांगतो आणि बसतो." लाल बटण दाबलं आणि बोलायला लागले, "अंधारात इतकी वर्षं लोकांची तोंडं पाहिली, त्यातलं एक सांगतो. हसू आलं तरी माणूस लगेच हसत नाही. आधी शेजारी बघतो. तो हसतोय ना, खात्री करतो, मग हसतो. आता घरात जो एकटा आहे, तो हसायच्या आधी कुणाकडे बघत असेल? बरं, आज काकड्या..."

इथे त्यांना खोकला आला. खोकला संपेना. माझं पोट भरलं आणि बटण सुटलं. बाईंचा फटका आत गेलाच नाही.

संध्याकाळी त्यांना दवाखान्याची गाडी घेऊन गेली. माझ्यासारखाच भोंगा तिच्या डोक्यावर होता, पण त्याला एकच रडगाणं येत होतं. बाईंना घरात कोंडून ठेवलं. बाहेरून दाराला कागद चिकटवला. त्यांची तपासणी चांगली निघाली तेव्हा कागद काढला आणि त्या गाडी घेऊन एकट्या निघाल्या. ढकलणाऱ्याही त्याच आणि विकणाऱ्याही त्याच. कोपऱ्यावर थांबल्या. मला हातात घेतलं. लाल बटणावर अंगठा गेला, पण दाबला नाही. हिरवं दाबलं.

"अंधारात इतकी वर्षं लोकांची तोंडं पाहिली, त्यातलं एक सांगतो..." मी यजमानांच्या आवाजात बोलू लागलो. खिडक्या भराभर उघडल्या. "काका आले? काका बरे झाले?" मग गाडीपाशी एकट्या बाई दिसल्या आणि पिशव्या खाली सुटू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. काकडी बाजारातून गायब झाली तरी मी "आज काकड्या" म्हणून खोकत होतो.

"काकू, काकडी द्या ना."

"काकडी नाही."

"मग भोंगा काय म्हणतोय?"

"भोंगा त्यांचा आहे. गाडी माझी आहे."

दुरुस्तीवाल्याने हे पाहिलं. आपलं स्टूल सोडून तो आला आणि मला आपल्या मोबाईलजवळ धरून त्याने यजमानांचं बोलणं त्यात उतरवून घेतलं. बाईंना ऐकवलंही. "ताई, हे बघा, इथे राहिलं. कुठे जात नाही आता. भोंग्यात तुम्ही नवीन भरा. लोक वाट बघतात."

"नाही भरणार."

"अहो, पण जपून ठेवलंय ना मी!"

"जपायचं कोण बोललं? आज त्यांच्या जागी मी बोलले, म्हणजे ती जागा त्यांची राहिली नाही. लोकांना सवय होईल. लोकांना सगळ्याची सवय होते. मला नाही व्हायला पाहिजे."

दुरुस्तीवाला परत आपल्या स्टुलावर गेला. बाईंना तो आवाज हरवण्याची भीती नव्हती, मित्रांनो. त्यांना भीती होती जागा भरून जाण्याची. आणि ती जागा माझ्या पोटात होती. एका वेळी एकाचीच सोय.

पण इकडे दुसरंच घडत होतं आणि मी ते पाहत होतो. हसवणारं बोलणं रोज तेच ऐकलं की ते श्रद्धांजलीसारखं वाटायला लागतं. मी बोलायला लागलो की लोक माना खाली घालायचे. पिशव्या घाईने वर ओढायचे. शिवणकामवाली खिडकीत यायची, पण टाचण्या ओठांतच ठेवायची. मग एकेक खिडकी बंद राहू लागली. रस्त्याला पुन्हा नुसते हात उरले. मी एकाच माणसाचा आवाज राखत होतो आणि सगळ्या रस्त्याचा आवाज जात होता. मला तोंड होतं, पण सांगता येत नव्हतं. भोंग्याची हीच गंमत आहे, त्याला स्वतःचं काही बोलता येत नाही.

मग एका सकाळी, कोपऱ्यावर बाई मला हातात घेणार एवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. हाताला माती होती म्हणून त्यांनी तो गाडीवर, बटाट्यांवर ठेवला आणि कोपराने आवाज मोठा केला. एक नर्स बोलली, "घ्या, बोला, पण थोडंच. दम लागतो त्यांना."

मग यजमान आले. प्रत्येक दोन शब्दांमागे एक श्वास. "अगं. काल. काय सांगितलंस लोकांना?"

बाईंनी पदराने डोळे पुसले, मातीसकट. "तुमचंच वाजवते."

"कुठलं?"

"शेवटचं. काकडीचं."

"रोज?"

"रोज."

मग म्हणाले, "तू. शिळी भाजी. विकतेस का?"

"मी? मेले तरी विकणार नाही!"

"मग माझं. शिळं बोलणं. का विकतेस?"

"शिळं कसलं! तुमची जागा आहे ती. मी बोलले तर..." पुढे त्यांना बोलता येईना.

"ऐक. सिनेमाच्या मध्येच. माणूस उठून बाहेर गेला. तर मी काय करायचो?"

"खुर्चीवर टॉर्च ठेवायचात. दुसऱ्याला बसू द्यायचा नाहीत."

"बरोबर. आणि सिनेमा? थांबवायचो?"

बाईंनी एक बटाटा उचलला आणि परत होता तिथेच ठेवला.

"बोल ना. थांबवायचो का?"

"नाही."

"मग! जागा राखायची. खेळ थांबवायचा नाही. येणाऱ्याला यायला. चालू खेळ लागतो. बंद थेटरात. कोण परत येतं?" खोकला आला. नर्स म्हणाली, "बास आता." तरी लांबून आवाज आला, "कोबी संपला का गं?" आणि फोन बंद झाला.

बटाट्यांवर मोबाईल, शेजारी मी. बाईंनी हात पुसले, मला उचललं, तोंडाशी धरलं. त्यांनी लाल बटण दाबलं आणि यजमानांचं बोलणं माझ्या पोटातून गेलं. मला जाणवलं. दुखलं नाही. एखाद्या खोलीतून कुणी हळूच उठून जावं तसं वाटलं.

हिरवं दाबल्यावर मी बाईंच्या फाटक्या आवाजात ओरडलो, "आमचे हे दवाखान्यात आहेत. दोन शब्द बोलले की दम लागतो. आज फोन आला. एवढासा दम उरलाय आणि तो कशावर खर्च करावा माणसाने? विचारतात, कोबी संपला का! अहो, तुम्ही पेशंट आहात की चौकशीची खिडकी? कोबी आहे! कांदेही आहेत! सोडा खाली पिशव्या!"

हसावं की नाही, कुणाला कळेना. खिडक्यांतली माणसं एकमेकांकडे बघत होती. मग शिवणकामवालीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीची इतकी गर्दी झाली की टाचण्या तिच्या हातातून थेट खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडल्या. मग मात्र सगळे हसले.

पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. निवृत्त साहेब. "ओ बाई."

बाईंनी वर पाहिलं. आता बोलणी बसणार, असं तोंड करून.

"त्यांनी विचारलं होतं ना, एकटा माणूस हसायच्या आधी कुणाकडे बघतो म्हणून? इतके दिवस वाजवताय, पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. त्यांचा फोन आला की सांगा त्यांना. खाली गाडीकडे बघतो." मग घसा खाकरून म्हणाले, "आणि आवाज थोडा कमी ठेवा."

पिशव्या खाली आल्या. बाई कोबी भरत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा कोबी भरत होत्या. वरून शिवणकामवालीने विचारलं, "काकू, उद्या काय सांगणार?"

बाईंना हा प्रश्न कुणी जन्मात विचारला नव्हता. त्या विचार करून म्हणाल्या, "उद्याचं उद्या. आधी बाजारात काय मिळतंय ते बघू दे."

आणि दुसऱ्या दिवशी त्या बोलल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बोलल्या. त्यांचे विचार यजमानांसारखे तरंगणारे नव्हते. त्या विचारायच्या, "घरातले सगळे पुरुष आता घरी आहेत, तरी भांडी का कमी होत नाहीत?" आणि खिडक्यांतून बायका टाळ्या वाजवायच्या. रोज दुपारी फोन जायचा आणि यजमानांना सगळं सांगितलं जायचं. ते एवढंच म्हणायचे, "मग पुढे?"

ते परत आले. मी उगाच ताणत नाही, परत आले. त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस आला नाही, तेही सांगतो, कारण अर्धंच सांगणाऱ्यांचा मला राग येतो. यजमान अर्धे झाले होते. गाडीला हात लावून चालायचे, ढकलायला जमायचं नाही. बाईंनी मला त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी माझं तोंड हळूच बाईंकडे वळवलं आणि म्हणाले, "तू चालू ठेव. मी मध्ये मध्ये टाकेन." तेव्हापासून विचार बाईंचा आणि फटका यजमानांचा. फटक्याला दम कमी लागतो.

मग साथ गेली. आणि मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते ऐकून माझ्यावर रागावू नका, स्वतःवर रागवा. ज्या इमारतींच्या खिडक्यांतून आमच्यावर हसू सांडलं, त्याच इमारतींनी बैठक घेतली आणि फाटकावर पाटी लावली, 'भाजीवाल्यांनी भोंगा वाजवू नये. रहिवाशांना त्रास होतो.' त्रास! कोंडले होते तेव्हा याच त्रासाची वाट बघत खिडकीत उभे असायचे. गाड्या सुरू झाल्या, कचेऱ्या सुरू झाल्या, खिडक्या परत बंद झाल्या. बाईंनी पाटी वाचली, मला घरी आणलं, खिळा ठोकला. मी रागावलो का? हो, रागावलो आहे. लसूण तोंडात धरूनही माणूस रागावू शकतो, भोंगा का नाही?

पण रागापेक्षा मला कुतूहल जास्त आहे. घाबरल्यावरच माणसाला शेजाऱ्याचा आवाज का हवासा वाटतो? भीती गेली की तोच आवाज गोंगाट कसा होतो? हे तुम्ही मला सांगा. मला डोकं नाही, तुम्हाला आहे.

पाटी माझ्यासाठी आहे, त्या दोघांसाठी नाही. ते अजून रोज जातात. बाई फाटक्या घशाने काहीतरी विचारतात, यजमान दमाने फटका मारतात. एखादी खिडकी अजूनही उघडते. संध्याकाळी घरी आल्यावर काय काय झालं ते दोघं भांडत भांडत सांगतात आणि दारामागून मी ऐकतो. बोलून बोलून जन्म गेला, आता ऐकायला मिळतंय.

म्हणून मला जपा असं मी सांगणार नाही. प्लास्टिक आहे, जाईल कुठेतरी. सांगायचं ते वेगळं आहे. तुमच्या रस्त्यावरून जो ओरडत जातो, त्याला एकदा वरून उत्तर द्या. दवाखान्यातल्या माणसाला नुसतं "कसे आहात" म्हणून सोडू नका, आज भाजी कुठली केली तेही सांगा, म्हणजे तो पुढचं विचारेल. आणि एखाद्या माणसाला खरंच जपायचं असेल, तर त्याचं कालचं बोलणं कपाटात ठेवून त्यावरची धूळ पुसत बसू नका. त्याला विचारा, उद्या काय सांगणार?